साडेचारचं जेवण

"हलू नका," कंपाउंडर म्हणाला आणि काट्यावरचं वजन अजून थोडं पुढे सरकवलं. "एकशे बारा, सर."

कंपनीचे डॉक्टर कोरे लिहीत होते. लिहिता लिहिताच म्हणाले, "शामराव, केबिनच्या शिडीला पायऱ्या किती?"

"बेचाळीस."

"वर पोचल्यावर दम लागतो?"

"नाही लागत."

"खोटं बोलू नका." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वर तुम्हाला काही झालं तर खाली किती माणसं असतात?"

 कुपवाडच्या एका फाउंड्रीत मी एकोणीस वर्षं क्रेन चालवत होतो. वितळलेल्या लोखंडाने भरलेली लॅडल उचलायची आणि भट्टीपासून साच्यांपर्यंत न्यायची, हे माझं काम. खाली बारा-चौदा माणसं असायची. केबिनमधून त्यांची नुसती हेल्मेटं दिसायची.

"तीन महिने देतो," डॉक्टर म्हणाले. "पंधरा मार्चला, सोमवारी, परत मेडिकल. अठ्ठ्याण्णवच्या आत आलात तर केबिन तुमची. नाही आलात तर खाली, वाळू चाळायला."

त्यांनी एक कागद दिला. सकाळी अकराला एक जेवण, दुपारी साडेचारला दुसरं. मध्ये पाण्याशिवाय काही नाही. संध्याकाळी तासभर चालायचं. साखर, गूळ, तळलेलं बंद. माझी कायम फर्स्ट शिफ्ट होती, सात ते साडेतीन. कागद त्या हिशेबानेच लिहिलेला होता.

घरी माझ्या बायकोने, लीलाने, तो दोनदा वाचला. शिवणाच्या मशीनवर बसून वाचला, आणि परत चुलीपाशी नेऊन वाचला. मग भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून टाकला.

"आजपासून हेच," ती म्हणाली.

"वाळू चाळली म्हणून काय मरतोय मी?"

"वाळूचं कोण बोलतंय? माझे आप्पा बावन्नाव्या वर्षी ताटावर कोसळले. हातात घास तसाच होता. तुम्ही आता एकोणपन्नास. मला ते परत बघायचं नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही एकटे कसले पाळताय? जे तुमचं तेच माझं."

"तुला कशाला? तुझी शुगरची गोळी असते."

"गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असती. जेवण साडेचारला, तर गोळी चारला. त्यात काय एवढं?"

हे डॉक्टरांना विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही. कागद माझा होता, तिचा नव्हता, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिला महिना चांगला गेला. कंपनीची बस चारला सुटायची आणि सव्वाचारला आमच्या चौकात यायची. मी घरी येईपर्यंत ताटं मांडलेली असायची. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, कांदा, ताक. मी बसायचो, मग ती बसायची. पाच वाजता दोघं चालायला जायचो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. शेजारच्या मगदूम वहिनी म्हशीला पाणी दाखवता दाखवता ओरडायच्या, "काय ओ भाऊजी, लग्नात तरी असं बरोबर चालला होता काय?"

"लग्नात हे पुढं होते," लीला म्हणायची. "आता दमतात."

जानेवारीत माझा काटा एकशे सहावर आला. तिथेच अडकला.

बस जिथे थांबायची तिथे कट वड्याची गाडी होती, तिखट रश्श्यात बुडवलेला बटाटेवडा. रश्श्याचा वास बसच्या खिडकीतून आत यायचा. आठ तास भट्टीच्या वर बसलेला माणूस खाली उतरतो तेव्हा त्याला भाजी-भाकरी दिसत नाही. एक दिवस इस्माईल मुल्ला म्हणाला, "चल बे, एकच." इस्माईल माझा खालचा माणूस. लॅडलला हूक लावून मला हाताने इशारा करायचा तो. त्याच्या हातावर मी डोळे मिटून विश्वास टाकायचो.

एकाचे दोन झाले. घरी गेलो तर ताटं मांडलेली. पोटात जागा नव्हती. नुसतं चिवडत बसलो असतो तर तिने लगेच ओळखलं असतं. म्हणून म्हणालो, "आज मी एक वेळ सोडतोय. डॉक्टर म्हणाले, मधूनमधून सोडली की वजन झपाट्याने उतरतं."

"उपास?"

"उपासच समज."

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझं ताट उचललं, आणि भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकलं. मी बाहेर जाऊन खाटेवर आडवा झालो. ती आत काय करते हे मी बघितलं नाही. स्वयंपाकघरात बाईमाणूस असल्यावर ती जेवणारच, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी झाली होती. "भाऊजींनी लई मनावर घेतलंय," मगदूम वहिनी म्हणाल्या. मला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात दोनदा उपास केला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीनदा.

"लीलावहिनींना सांगू काय रे?" इस्माईल बोटं चाटत म्हणायचा.

"सांग की. मग मी पण तुझ्या बायकोला तुझ्या तंबाखूचं सांगतो."

"जाऊ दे मग. दोघं सुखात राहू."

फेब्रुवारी संपता संपता लीला बारीक दिसायला लागली. अडुसष्टाची साठावर आली होती. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, आम्हाला पण सांगा काय खाता ते. ती हसायची. पण तिचं शिवण बिघडायला लागलं होतं. एका बाईची बाही तिने उलटी जोडली. दुसऱ्या दिवशी दुधाचं पातेलं हातातून सुटलं. संध्याकाळी चालताना तिच्या मानेवर घाम दिसायचा, हवा गार असली तरी.

"मला हल्ली पाचच्या सुमाराला कसंतरी होतं," ती एकदा म्हणाली. "आतनं धडधडतं. समोरचं माणूस लांब गेल्यासारखं वाटतं."

"चरबी जळतेय," मी म्हणालो. "चांगलं लक्षण आहे."

कोणीतरी बसमध्ये असं म्हणालं होतं. मी ते तिला सांगितलं, आणि तिने ऐकलं.

एका संध्याकाळी चपला घालून मी दारात उभा होतो. ती येईना. आत गेलो तर ती डब्यांच्या फळीपाशी उभी. गुळाचा डबा उघडा, गाल फुगलेला, आणि हात इतके थरथरत होते की झाकण डब्यावर वाजत होतं.

"काय खातेस?"

"जरा हातपाय गळाले म्हणून..."

"चोरून गूळ खातेस? शुगर असताना?" माझा आवाज चढला. "आणि माझ्या मागे लागतेस, हे खाऊ नका, ते खाऊ नका. मी उपास काढतोय कोणासाठी?"

त्या दिवशी मी गाडीवर तीन वडे खाऊन आलो होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे, मग शर्टाकडे. तिला काहीतरी बोलायचं असावं. बोलली नाही. झाकण लावून डबा तिने तसाच उचलला आणि मागच्या दाराने मगदूम वहिनींना देऊन आली.

"झालं?" परत येऊन म्हणाली. "आता घरात गूळ नाही. चला चालायला."

मार्च उजाडला तेव्हा मी एकशे पाच होतो. सात किलो उरले होते आणि पंधरा दिवस. मी काट्याला घाबरायला लागलो. केबिनमध्ये बसलो की वाटायचं, कोणीतरी खालून माझी जागा मोजतंय. दोनदा लॅडल झोका खाऊन गेली. इस्माईलने खालून शिवी दिली आणि मग दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

मेडिकलच्या आधीचा शुक्रवार. बारा तारीख. ऊन लागायला लागलं होतं. बसमधून उतरलो. आज गाडीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. दोन वडे आणि वर रस्सा. उरलेल्या तीन दिवसांत काही होणार नाही, हे मला कळून चुकलं होतं, आणि त्याच रागात मी खाल्लं.

घरी आलो. ताटं मांडलेली होती.

"आज पण उपास," मी म्हणालो. "सोमवारपर्यंत असंच."

ती म्हणाली, "आज थोडं तरी खा. अर्धी भाकरी."

"नको म्हटलं ना."

"अहो, मी चारला गोळी घेतलीय."

"मग?"

ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काही नाही," आणि टोपलीवर फडकं टाकलं.

पाच वाजता निघालो. आमच्या गल्लीच्या पुढे मोकळ्या प्लॉटांच्या कडेने रस्ता जातो. मी जोरात चालत होतो. सात किलो तिथेच उतरवायचे असल्यासारखा. ती रोज बरोबरीने यायची, त्या दिवशी मागे पडली. मी वळून बघितलं नाही.

"ए शाम्या!"

मला वाटलं, कोणी दुसरंच. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.

"ए शाम्या, थांब की. कुठं पळतोस?"

समोरून दोन माणसं सायकलीवर येत होती. ते दोघं हसले. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी मागे फिरलो.

"डोकं फिरलंय काय तुझं? रस्त्यावर?"

ती हसत होती. पण ते हसू तिचं नव्हतं. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं. पदर खांद्यावरून सरकला होता, आणि तिला त्याचं भान नव्हतं. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"आप्पा ताटावर बसलेत," ती म्हणाली. "त्यांना वाढा की."

"लीला?"

ती खाली बसली. रस्त्याच्या मधोमध, मांडी घालून, पंगतीत बसतात तशी.

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिथला म्हातारा धावत आला. त्याच्या हातात चहाचा ग्लास होता.

"पाजा हे. दाट साखरेचा आहे. आमच्या घरात पण असंच होतं, चहा घेतला की माणूस उठतं."

मी त्याचा हात धरून ग्लास बाजूला केला.

"साखर नको," मी म्हणालो. "तिला शुगर आहे. पाणी द्या."

तो दोनदा म्हणाला, अहो पाजून तर बघा. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. मी तिला पाणी पाजलं. ते ओठांतून बाहेर आलं. तिचे डोळे वर गेले आणि अंगाला झटके यायला लागले. रिक्षा मिळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली. तो ग्लास कट्ट्यावर तसाच ठेवलेला होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने लीलाच्या बोटाला सुई टोचली आणि छोट्या मशीनकडे बघितलं.

"बावीस."

"वाढलीय ना?" मी म्हणालो. "तरी मी चहा पाजू दिला नाही. टपरीवाला मागेच लागला होता."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "वाढली नाही, काका. संपलीय." आणि सिस्टरला ओरडून तिने कसलीतरी मोठी सिरिंज मागवली. ते साखरेचं पाणी होतं. ते शिरेत जाताना मी बघत होतो.

"गोळी घेऊन जेवल्या नाहीत का?"

"जेवली की. घरी सगळं शिजवलेलं होतं."

तेवढ्यात मगदूम वहिनी आल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. हातात आमच्या घराची किल्ली, पायात चप्पल नाही.

"कुठली जेवती ती?" त्या म्हणाल्या. "तुमचा उपास असला की हिचा पण. तुम्ही ताटावर बसल्याशिवाय तिनं कधी घास घेतलाय काय? सकाळी फडक्यात भाकरी बांधून आमच्या म्हशीला आणून टाकायची. आठवड्यात तीन-तीनदा. मी म्हटलं, अगं बाई, तुझी गोळी आहे. तर म्हणायची, त्यांच्या मनाला लागेल, त्यांना सांगू नका."

डॉक्टरीणबाई ऐकत होत्या.  त्यांनी छातीला तारा लावून कागद काढला, तो दोन वेळा बघितला, आणि वरच्या डॉक्टरांना फोन करायला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "शुद्धीवर येतील. पण हृदयाला बराच ताण बसलाय. दोन दिवस इथेच राहू द्या. अंगात गोळीचा जोर अजून आहे. साखर परत उतरू शकते. दर दोन-तीन तासांनी खायला द्यायचं. आणि आता घरातल्या कोणीही उपास करायचा नाही."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

शनिवारी सकाळी लीला उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरला होता, पण नजर तिची होती. केस विंचरून मागितले. मी विंचरले. मला नीट जमलं नाही.

"मी काल रस्त्यात काही बोलले काय?"

"नाही."

"वहिनी सांगत होत्या, मी तुम्हाला शाम्या म्हटलं."

"म्हटलंस."

तिने तोंडाला पदर लावला. "अगं बाई. किती जण होते?"

"दोन सायकलवाले."

"मग ठीक आहे." तिने तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, "सोमवारी मेडिकल."

"मी जाणार नाही."

"जायचं. डॉक्टरांना सांगायचं, अजून महिना द्या म्हणून. गयावया करायची."

मला राहवलं नाही. रात्रभर मी तिच्या हातातली सलाईनची नळी बघत बसलो होतो. मी म्हणालो, "लीला, ते उपास खोटे होते. मी चौकात वडे खाऊन यायचो."

ती खिडकीकडे बघत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"शर्ट धुते कोण तुमचे? रश्श्याचा डाग साबणानं जात नाही. पहिल्या दिवसापासनं माहीत आहे."

"मग तू का नाही जेवलीस?" माझा आवाज मोठा झाला. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी वळून बघायला लागली. "तुला माहीत होतं मी पोटभर खाऊन आलोय. मग तू का उपाशी राहिलीस?"

तिने चादरीची कड सारखी केली. मग हळू म्हणाली, "वाटायचं, आज सांगतील. आज म्हणतील, लीला, मी खाऊन आलोय, तू जेव. तेवढं ऐकलं असतं तर मी जेवले असते. रोज टोपली झाकायच्या आधी मी जरा थांबायची. तुमचं लक्ष नसायचं."

मला शुक्रवार आठवला. "काही नाही" म्हणायच्या आधी ती उभी राहिली होती. आणि त्याआधीचे सगळे दिवस, मी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

"गुळाच्या दिवशी तरी बोलायचंस," मी म्हणालो.

"त्या दिवशी बोलणार होते. तुम्ही इतके चिडला होता. म्हटलं, आता बोलले तर तुमची मान खाली जाईल."

साडेअकराला वॉर्डातली मावशी ताट घेऊन आली. मुगाची खिचडी आणि पातळ ताक. मी ते लीलासमोर ठेवलं. तिने हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"मी खाऊन आलोय," मी म्हणालो. "तू जेव."

"खोटं." ती हसली. हे हसू तिचंच होतं. "काल संध्याकाळपासून इथनं हलला नाही तुम्ही. सवयच लागलीय."

तिने खिचडीच्या मधोमध बोटाने रेघ ओढली आणि अर्धा भाग माझ्याकडे सारला. आमच्याकडे नवरा-बायको एका ताटात फक्त लग्नाच्या दिवशी जेवतात. आम्ही खाटेवर समोरासमोर बसून जेवलो. पलीकडची म्हातारी तोंडावर हात ठेवून बघत होती. खिचडी अळणी होती. लीला म्हणाली, "वहिनींच्या म्हशीनं पण खाल्ली नसती." तरी तिने तिचा भाग सगळा संपवला. मग म्हणाली, "आता झोपते जरा. तुम्ही पण पडा."

अडीच वाजता तिने मला हाक मारली आणि छातीवर हात ठेवला. मी सिस्टरला बोलवायला पळालो. त्यांनी पडदा ओढला. आत सगळी मिळून पाच माणसं होती, मी बाहेर. पडद्याच्या खालून मला त्यांच्या चपला दिसत होत्या. आधी सगळ्या चपला हलत होत्या. मग एकेक करून थांबल्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. माझ्या हाताला धरून त्यांनी मला बाकावर बसवलं.

मावशी रिकामी ताटं गोळा करत आली. आमच्या खाटेखालचं ताट तिने ओढून काढलं, आणि पडद्याकडे बघून तिथेच थांबली. तिने ते परत खाली ठेवलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.